आवाज कुणाचा, मोजपट्टी कुणाची?

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या कोणत्याही संस्थेचे मूल्यमापन करायचे म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. किती लोकांनी लाभ घेतला? हा प्रश्न वरवर निरुपद्रवी दिसतो. परंतु तो विचारणारा कोण, आणि ज्याच्याविषयी विचारला जातो तो कोण, हे पाहिले म्हणजे त्या प्रश्नाचा निष्पापपणा उरत नाही. बहुसंख्यांच्या शाळेला, बहुसंख्यांच्या नाट्यगृहाला, बहुसंख्यांच्या नभोवाणीला हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तिथे संस्कृती असते. अल्पसंख्य शोषितांनी काही मागितले की मात्र तिथे खर्च दिसू लागतो.

न्यूझीलंडमधील प्रशांत महासागरी समाजांसाठी सरकारी पैशावर चालणाऱ्या नभोवाणी-जाळ्याचा विचार या लेखात करायचा आहे. सामोआ, टोंगा, कुक बेटे, निउए, टोकेलाऊ, फिजी, तुवालू, किरिबाती अशा बेटांवरून आलेल्या आणि आता पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेल्या माणसांचे हे जाळे आहे. इतक्या दूरचा विषय या नियतकालिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर एका शब्दात देता येते: पँथर. १९७१ च्या जूनमध्ये ऑकलंड शहरात विल इलोलाहिया आणि त्याच्या तरुण साथीदारांनी 'पॉलिनेशियन पँथर' ही संघटना काढली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. दोघांनीही नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथरकडून. वस्ती वेगळी, समुद्र वेगळा, पण डरकाळी एकाच घराण्यातली. त्या भावंडांच्या आवाजाचे पुढे काय झाले हे पाहणे आपल्याला परके नाही.

### १

ही माणसे न्यूझीलंडमध्ये पाहुणी म्हणून आली नाहीत. त्याआधी न्यूझीलंडच त्यांच्या दारात मालक म्हणून गेले होते. कुक बेटे आणि निउए १९०१ मध्ये न्यूझीलंडच्या ताब्यात आली. सामोआवर १९१४ ते १९६२ न्यूझीलंडची सत्ता होती. १९१८ साली 'तालुने' जहाजाला विलगीकरणाशिवाय सामोआच्या बंदरात येऊ दिले गेले, त्यातून इन्फ्लुएंझा पसरला आणि बेटावरची सुमारे एक-पंचमांश माणसे मेली. २८ डिसेंबर १९२९ रोजी स्वराज्य मागणाऱ्या 'माऊ' चळवळीच्या शांततामय मिरवणुकीवर न्यूझीलंडच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. टोकेलाऊ तर आजही न्यूझीलंडचा प्रदेश आहे. हा इतिहास लक्षात घेतला म्हणजे 'स्थलांतरितांसाठी सवलत' ही भाषा किती खोटी आहे ते कळते.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना हात हवे होते, तेव्हा या बेटांवरून मजूर आणले गेले. १९७३ नंतर मंदी आली आणि हेच हात नकोसे झाले. १९७४ ते १९७६ या काळात पोलीस पहाटे प्रशांत समाजाच्या घरांत शिरत, झोपेतून उठवून परवाने मागत. इतिहासात त्यांना 'पहाटेचे छापे' म्हणतात. पुढे १९८५-८६ मधील अभ्यासातून दिसले की मुदत संपूनही राहिलेल्यांत प्रशांत समाजाचे लोक सुमारे एक-तृतीयांशच होते, पण खटले झालेल्यांत ते ८६ टक्के होते. गोऱ्या कातडीचा मुदतबाह्य माणूस पोलिसांना दिसत नव्हता. नजरेचीही जात असते.

या कथेत प्रसारमाध्यम आधीपासून हजर आहे, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे. १९७५ च्या निवडणुकीत नॅशनल पक्षाने दूरचित्रवाणीवर एक व्यंगचित्रपट दाखवला. त्यात तपकिरी रंगाचा, दंगा करणारा माणूस देशाच्या दुरवस्थेचे कारण म्हणून उभा केला होता. म्हणजे ज्या लहरी सर्वांच्या मालकीच्या, त्यांवरून या समाजाची जी ठळक ओळख घराघरांत पोहोचली ती आरोपी म्हणून. उलट बाजूला पॉलिनेशियन पँथरकडे काय होते? हक्कांची माहिती देणारी एक छापील पुस्तिका, मुलांसाठी अभ्यासवर्ग आणि हातातला कर्णा. तो कर्णा घेऊन ते पहाटे मंत्र्यांच्या घरांसमोर गेले आणि दिवे रोखून ओरडले. छाप्याला प्रतिछापा! माझ्या मते प्रशांत समाजाच्या नभोवाणीचा उगम कुठल्या कायद्याच्या कलमात नाही, या कर्ण्यात आहे. नंतर आलेल्या केंद्रांचे मूल्यमापन करताना हा उगम विसरता कामा नये.

### २

१९८९ च्या प्रसारण कायद्याने न्यूझीलंडमध्ये नभोवाणीचा बाजार खुला केला आणि बाजार जे करणार नाही त्यासाठी एक आयोग नेमला. त्याला 'न्यूझीलंड ऑन एअर' म्हणतात. स्त्रिया, मुले, अपंग आणि वांशिक अल्पसंख्य यांच्यासाठी कार्यक्रम व्हावेत हे पाहण्याचे काम त्याच्याकडे आले. सुरुवातीला त्याचा पैसा जनतेच्या परवाना-शुल्कातून येई. २००० मध्ये ते शुल्क बंद झाले आणि पैसा थेट सरकारी तिजोरीतून येऊ लागला. ऑकलंडमध्ये १९९३ साली '५३१ पीआय' हे केंद्र सुरू झाले. २००२ मध्ये सरकारी निधीतून 'निऊ एफएम' हे अनेक शहरांत ऐकू येणारे जाळे उभे राहिले. 'निऊ' म्हणजे नारळ. कालांतराने ही दोन्ही केंद्रे एका न्यासाखाली आली आणि 'पॅसिफिक मीडिया नेटवर्क' या नावाने ओळखली जाऊ लागली.

इथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे. त्याच देशातील माओरी हे मूळ रहिवासी. १८४० च्या वायतांगी कराराच्या आधारे त्यांनी आपल्या भाषेचा हक्क मांडला. १९८६ मध्ये वायतांगी न्यायाधिकरणाने माओरी भाषा हा कराराने रक्षण केलेला ठेवा आहे असे मानले. १९८७ मध्ये ती अधिकृत भाषा झाली. १९९३ मध्ये माओरी प्रसारणासाठी स्वतंत्र निधी-संस्था आली आणि आज माओरी जमातींची वीसहून अधिक नभोवाणी केंद्रे आहेत. हे काही सुखासुखी मिळाले नाही. चळवळ झाली, खटले झाले. पण माओरींच्या हातात करार होता. प्रशांत समाजाच्या हातात आहे 'अल्पसंख्य' हा एक शब्द. एकाला हक्काने मिळते, दुसऱ्याला अनुदानाने. अनुदान देणारा प्रसन्न असेल तोवर ते मिळते, आणि घेणाऱ्याने दर वेळी आपण पात्र असल्याचे सिद्ध करायचे असते.

हक्क आणि दया यांतला हा फरक आपल्या वाचकांना शिकवावा लागणार नाही. राखीव जागा हे प्रतिनिधित्व आहे, उपकार नव्हे, हे आपण अजूनही रोज सांगतो आणि ऐकणारा रोज विसरतो. सामोआच्या लोकांनी तर दिलेला हक्क परत काढून घेतला गेल्याचेही पाहिले आहे. १९८२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९२४ ते १९४८ दरम्यान जन्मलेल्या सामोअनांचे न्यूझीलंडचे नागरिकत्व मान्य केले, आणि त्याच वर्षी न्यूझीलंडच्या संसदेने कायदा करून ते बहुतेकांच्या हातून काढले. हयात असलेल्यांना ते मागण्याची वाट पुन्हा उघडायला २०२४ उजाडले. ज्यांचे नागरिकत्वच असे वाऱ्यावर, त्यांची नभोवाणी स्थिर पायावर कशी असेल?

### ३

आता मोजपट्टीकडे वळू. नभोवाणीचे यश मोजण्याची रूढ रीत म्हणजे नमुना-पाहणी. काही हजार माणसे निवडायची, त्यांनी काय ऐकले ते नोंदवायचे आणि त्यावरून टक्के काढायचे. बहुसंख्यांच्या केंद्रांना ही रीत ठीक आहे. या समाजांना ती लावली तर काय होते याचा साधा हिशेब करून पाहू. २०१८ च्या जनगणनेत न्यूझीलंडची लोकसंख्या ४६,९९,७५५ होती. त्यांत प्रशांत समाज ३,८१,६४२, म्हणजे ८.१ टक्के. सामोअन १,८२,७२१, टोंगन ८२,३८९, कुक बेटांचे माओरी ८०,५३२, निउएचे ३०,८६७ आणि टोकेलाऊचे ८,६७६. म्हणजे देशभरातून हजार माणसांचा नमुना घेतला तर त्यात सामोअन निघतील ३९, निउएचे सहा किंवा सात, आणि टोकेलाऊची दोन. त्या दोघांपैकी एकजण त्या आठवड्यात रात्रपाळीला असला तर टोकेलाऊ भाषेच्या कार्यक्रमाचा श्रोतृवर्ग निम्म्याने घटला असे कागदावर येईल!

म्हणजे ही मोजपट्टी लहान भाषेला मोजतच नाही. जे मोजता येत नाही ते नाही, असा निष्कर्ष मात्र ती काढू देते. प्रशांत समाजातून अधिक मोठे नमुने घेऊन वेगळी पाहणी करता येते, आणि ती केलीच पाहिजे. पण तिथेही एकूण श्रोते हाच निकष ठेवला तर केंद्राला एकच शहाणपण सुचेल: टोकेलाऊचा तास कमी करा आणि गाणी वाढवा.

आणि गाण्यांचा बाजार तर खुलाच आहे. ऑकलंडमध्ये १९९२ साली न्गाती फातुआ या माओरी जमातीने 'माई एफएम' सुरू केले. माओरी आणि प्रशांत तरुणांनी ते उचलून धरले. ते इतके चालले की २००८ मध्ये एका मोठ्या खाजगी माध्यम-कंपनीने ते विकत घेतले. यातून बाजाराचा स्वभाव कळतो. आमचा तरुण, आमचा ठेका, आमची बोलण्याची लकब बाजाराला हवी असते. आमच्या म्हातारीची भाषा नको असते. १९९६ पासून ऑकलंडमध्ये 'रेडिओ तराना' हे हिंदी केंद्र व्यापारी तत्त्वावर चालत आले आहे, कारण त्या समाजात दुकानदार आहेत, जाहिरातदार आहेत. कारखान्यात आणि साफसफाईच्या कामावर राबणाऱ्या समाजाला जाहिरातदार कुठून मिळणार? तेव्हा 'बाजारात का टिकत नाही?' हा प्रश्न म्हणजे 'तुम्ही गरीब का आहात?' याच प्रश्नाचे सभ्य रूप होय.

### ४

एवढे म्हटल्यावर या जाळ्याला पाठीशी घालून थांबता येत असते तर समीक्षा सोपी झाली असती. परंतु आपल्या माणसांच्या संस्थेला आपण अधिक कठोर प्रश्न विचारायचे असतात. मी तीन विचारतो.

पहिला भाषेचा. निउए बेटावर आज दोन हजारांहूनही कमी माणसे राहतात, आणि न्यूझीलंडमध्ये तीस हजारांहून अधिक. म्हणजे निउए भाषा जगेल की मरेल हे त्या बेटावर कमी आणि ऑकलंडच्या वस्त्यांत अधिक ठरणार आहे. टोकेलाऊची आणि कुक बेटांच्या माओरीची गतही हीच. या भाषांना मागे दुसरा देश नाही. अशा स्थितीत 'निऊ एफएम'ची मुख्य भाषा इंग्रजी आणि मुख्य माल संगीत. '५३१ पीआय'वर दिवसा इंग्रजी, आणि समाजांच्या भाषा संध्याकाळी, रात्री व सुटीच्या दिवशी. यामागचे कारण मला कळते. २०१८ मध्ये प्रशांत समाजाचे मध्यक वय २३.४ होते, देशाचे ३७.४. यांतील बहुसंख्य न्यूझीलंडमध्येच जन्मले. या मुलांना आजीची भाषा कळते, बोलता येत नाही. कित्येकांना कळतही नाही. निव्वळ भाषेतच बोललात तर तीच मुले केंद्र बदलतील. इंग्रजीतच बोललात तर भाषा जाईल. हा पेच खरा आहे. पण भाषेला कायम दिवसाच्या कडेला बसवणे हा त्यावरचा तोडगा नव्हे. कडेला बसण्याचा अर्थ आपल्या वाचकांना ठाऊक आहे. गावाबाहेरची वस्ती घड्याळातही असू शकते. मुले शाळेतून परतताना, आई गाडी चालवताना, भर रहदारीच्या वेळी मिश्र बोलीत, चुकतमाकत, पण आपल्या भाषेत बोलणारा निवेदक हवा. शुद्ध भाषेचा आग्रह धरणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही थोडे सैल व्हायला हवे. दलित साहित्याने वस्तीची बोली छापली तेव्हाच मराठी वाढली, शुद्धलेखनाच्या पहारेकऱ्यांमुळे नाही.

दुसरा प्रश्न सत्तेशी असलेल्या नात्याचा. संकटकाळी ही केंद्रे किती मोलाची आहेत याविषयी दुमत नसावे. २०१९ मध्ये गोवर ऑकलंडमध्ये पसरला, तिथून सामोआत गेला आणि तिथे ८३ माणसे दगावली, त्यांतली बहुतेक लहान मुले. २०२१ च्या करोना-लाटेत ऑकलंडच्या प्रशांत वस्त्या आणि चर्चमंडळ्या सापडल्या, आणि त्यांच्यावर उघड वंशद्वेषी शिव्यांचा मारा झाला. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगात समुद्रातील ज्वालामुखी फुटला, समुद्रातळची तार तुटली आणि परदेशातल्या टोंगन माणसांना घरच्यांचा पत्ता लागेना. अशा वेळी लस काय, विलगीकरण काय, घरच्यांची खबर कुठे मिळेल, हे आपल्या भाषेत, विश्वासाच्या आवाजात सांगणारे कुणी असणे म्हणजे काय, हे कोणत्याही टक्केवारीत बसणारे नाही.

पण नेमका इथेच धोका आहे. सरकारला ही केंद्रे आवडू लागतात ती निरोप्या म्हणून. वरून खाली निरोप चोख पोहोचतो. खालून वर काय जाते? १ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी पहाटेच्या छाप्यांबद्दल जाहीर माफी मागितली. सामोअन रीतीने अंगावर चटई पांघरून मागितलेली ती माफी जगाने पाहिली. पण मुदतबाह्य राहिलेल्यांना कायम वास्तव्य द्या, ही समाजातून उठलेली मागणी मात्र मान्य झाली नाही. आणि २०२३ मध्ये ऑकलंडमध्ये एका टोंगन माणसाच्या घरी अधिकारी पुन्हा पहाटे जाऊन धडकले. सरकारी पैशावर चालणाऱ्या केंद्राची कसोटी अशा सकाळी लागते. लसीचा निरोप सांगणारा निवेदक त्याच ठसक्याने मंत्र्याला 'माफी मागितली होती ना?' असे विचारू शकतो का? हे जाळे आपला वृत्तविभाग चालवते ही मला आशेची जागा वाटते. अनुदानाच्या करारात किती तास प्रसारण झाले याची मोजदाद असावीच. पण किती वेळा अनुदान देणाऱ्यालाच अडचणीत आणणारा प्रश्न विचारला, याचीही असावी.

तिसरा प्रश्न घरातला. 'प्रशांत समाज' हे नाव जनगणनेच्या कागदाला सोयीचे आहे. प्रत्यक्षात ते एक लोक नाहीत. त्यांत संख्येने मोठे आहेत, लहान आहेत. पदवीधारी कुळप्रमुख आहेत आणि ज्याला बैठकीत बोलता येत नाही असा तरुणही आहे. चर्चचा मोठा आधार आहे आणि चर्चचा धाकही आहे. फिजीत मळ्यांवर १८७९ ते १९१६ या काळात करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्या हिंदी माणसांचे वंशज न्यूझीलंडमध्ये आले, तर जनगणना त्यांना प्रशांत नव्हे, आशियाई गटात टाकते. चार पिढ्या बेटावर ऊस तोडूनही ते बेटाचे झाले नाहीत! ओळखीची कुंपणे कोण घालतो, हा प्रश्न शोषितांच्या संस्थेनेही स्वतःला विचारायचा असतो. ध्वनिक्षेपकासमोर सतत पुरोहित, प्रमुख आणि पुढारीच बसत असतील तर समाजाचा आवाज पोहोचला असे म्हणता येणार नाही; समाजातल्या प्रस्थापितांचा पोहोचला एवढेच म्हणता येईल. पहाटे कार्यालये झाडणाऱ्या बाईचा, मंडळीतून बाहेर काढलेल्या मुलाचा, टोकेलाऊच्या त्या दोघांचा आवाज कधी आला, ही घरची मोजपट्टी होय.

### ५

पैसा सरकारचा आणि वाणी आपली, हे जमते का? काहींना ते मुळातच विसंगत वाटते. मला तसे वाटत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला तो शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्याने. राजाचा पैसा घेतला म्हणून त्या पत्राची वाणी मिंधी झाली नाही. पण त्याच उदाहरणाची दुसरी बाजूही विसरू नये. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले आणि 'मूकनायक' १९२३ मध्ये बंद पडला. त्याची कारणे अनेक होती. तरी मोठ्या मनाचा एक आश्रयदाता म्हणजे कायमची व्यवस्था नव्हे, एवढे त्यातून उघड दिसते. प्रशांत नभोवाणीला औदार्य नको, कायद्यात लिहिलेला हिस्सा हवा. अनेक वर्षांचा, सरकार बदलले तरी न हलणारा. वसाहतीचे देणे म्हणून तो मागायचा. न्यूझीलंडचे राज्य ज्यांच्यावर चालले, त्यांच्या भाषा या न्यूझीलंडच्या भाषा आहेत, या भूमिकेवरून मागायचा.

म्हणून माझा निर्वाळा असा. हे जाळे आवश्यक आहे, आणि श्रोतृसंख्येच्या नावाखाली त्याच्या मुळावर येणारे मूल्यमापन नाकारले पाहिजे. पण ते नाकारताना 'आम्हाला मोजूच नका' असे म्हणू नये. आम्हाला आमच्या कामाने मोजा, असे म्हणावे. किती भाषा मोक्याच्या वेळी ऐकू येतात? त्या भाषांत बोलणारे किती तरुण निवेदक तयार झाले? कारभारात लहान बेटांची माणसे किती? सत्तेला प्रश्न किती वेळा गेले? आणि ज्यांच्यासाठी हे सारे चालते त्यांनाच वर्षातून एकदा उघड सभेत हिशेब दिला जातो का?

हे प्रश्न समुद्रापलीकडचेच आहेत असे समजण्याचे कारण नाही. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. २००६ पासून आपल्याकडे स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणी काढता येते. २००८ मध्ये तेलंगणातील पस्तापूर येथे गरीब दलित स्त्रियांनी स्वतःचे केंद्र चालवूनही दाखवले. पण आपल्याकडच्या अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात. गाणे म्हणा, शेतीची माहिती द्या, लसीचे सांगा. वस्तीवर काल रात्री काय झाले ते सांगू नका. ऑकलंडच्या केंद्राला निदान बातमी सांगता येते. ती सांगण्याचे धैर्य ते किती दाखवते हे आपण तपासू शकतो, कारण त्याला ते दाखवण्याची वाट मोकळी आहे. आपल्याकडे तपासायला अजून ती वाटच नाही. पँथरच्या दोन्ही भावंडांचा हिशेब मांडताना हा फरक नोंदवला पाहिजे आणि त्यावर काम सुरू केले पाहिजे.